आधी नवऱ्याला मागे बसवा

आमच्या गावात बाईमाणसाच्या नावाचं पहिलं ड्रायव्हिंग लायसन आलं ते माझं, आणि ते आलं तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. माझ्या लहानपणाचं मागे लिहून झालं आहे. चौथीत शाळा सुटली, मग लग्न झालं, मग पोरं झाली. त्यात मी मोठी कधी झाले ते मला शोधूनही सापडत नाही. बाया वयात येतात तेव्हा मी आले, पण अक्कल आली ती माझ्या बरोबरीच्या बाया सुना शोधत फिरत होत्या तेव्हा, वाडीच्या चढावर. म्हणून हे प्रकरण इथंच घालते. ज्याला पटत नाही त्याने पान उलटावं.

नवऱ्याचं नाव घेऊ नये अशी आमच्याकडे रीत होती. बाबाराव. घेतलं, काही झालं नाही. तर बाबारावांनी त्या साली जुनी जीप आणली, मागे समोरासमोर दोन बाकडी असलेली. आणायचं कारण कापूस. पूर्वीच्या वाणाचा कापूस सवडीने फुटायचा. आज या ओळीत, उद्या त्या ओळीत, संक्रांत उलटली तरी बोंडं उघडतच असायची. बीटीचं बियाणं आलं आणि सगळं शिवार एकदमच पांढरं व्हायला लागलं. वरवट बकालकडून येणारे पाहुणे म्हणायचे, काय सुंदर दिसते हो! ज्याचं वावर आहे तो मात्र गावातल्या बाया मोजत बसायचा, कारण कापूस सगळ्यांचा एकाच वेळी फुटला तरी वेचणाऱ्या बायांना हात दोनच. आधी बाया आमच्या दारात येऊन विचारायच्या, वेचणीला येऊ का. आता आम्ही त्यांच्या दारात जायचो, आणि त्या भांडी घासता घासता मान वर न करता विचारायच्या, "गाडी हाये काय?" गाडी नसली तर पुढचं बोलणंच नाही.

त्या साली मूग शेंगेतच उगवला होता. सोयाबीन पावसाने काळं पडलं होतं. जे काही होतं ते कापसात होतं. पहिला वेचा कसाबसा घरी आला होता आणि आमच्या पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत रचला होता. कापूस घरात असला की माणसाने कुठं झोपावं हे कापूस ठरवतो. आम्ही त्याच्या कडेकडेने झोपायचो. माझ्या सासूबाई दिवसभर त्या ढिगाला पाठ टेकून तंबाखू मळायच्या आणि म्हणायच्या, "बादशाहाच्या घरची वाटून राह्यली मी." मग उठल्या की बादशाहाच्या घरचं माणूस अंग खाजवत अंगणात फिरायचं. घरात सगळ्यांनाच खाज. कढईत पिठलं, आमच्याकडचं चून, रटरटतंय, तव्यावर भाकर फुगतेय, आणि भाकर उलटता उलटता मी कोपरानं कंबर खाजवतेय, असं त्या दिवसांचं माझं चित्र आहे. दुसरा, मोठा वेचा अजून झाडावर लोंबत होता आणि आभाळ भरून यायला लागलं होतं. पाऊस लागला की कापूस खाली गळतो, मातीत लोळतो आणि पिवळा पडतो. मग व्यापारी ढिगात हात घालून असं तोंड करतो की जणू आपण त्याला मेलेली मांजर दाखवली.

गाडी मी का शिकले? कारण बाबारावांनी ती पहिल्याच दिवशी बाभळीत घातली. "गाडीच वढते तिकडे," असं त्यांचं म्हणणं होतं. पोरगा पुण्याला कंपनीत. भाड्याचा ड्रायव्हर ऐन वेचणीत जो बोलावील त्याच्याकडे जायचा. मी म्हटलं, मीच शिकते. बाबाराव हसले, हसता हसता खोकले, आणि मी हसत नाही हे पाहून नुसते खोकतच राहिले.

शेगावला एक गाडी शिकवायचा क्लास होता. एसटीने जायचे, शिकून एसटीने यायचे. शिकवणारे सर हडकुळे, तोंडात कायम सुपारी. त्यांच्या गाडीला त्यांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक होता. मी स्टीअरिंग धरून बसायचे आणि ते "छान ताई, छान, असंच" म्हणत बाहेर बघायचे. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालायची. मला वाटायचं, काय उगीच लोक बाऊ करतात. लहान पोराचा हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घेतात तेव्हा पोरालाही असंच वाटतं. परीक्षेच्या कॅम्पला गाडी तीच, मैदान सपाट, शेजारी सर. मी आठचा आकडा काढला, गाडी मागे घेऊन दाखवली. सरांचे पाय तेव्हा कुठं होते ते मी वाकून पाहिलं नाही.

लायसन पोस्टाने आलं. फोटोत मी कोणाला तरी झोडपायला निघाल्यासारखी दिसते. बाबारावांनी ते खिशात घालून पानठेल्यापासून ग्रामपंचायतीपर्यंत फिरवलं, जसं काही यांनीच काढलं. आणि दुसऱ्या दिवशी मी आमच्या जीपमध्ये बसले, क्लच सोडला, आणि जीप बेडकासारखी उडी मारून बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी. गोठ्यातली गाय दावं तोडून पळाली. त्या सकाळी मला समजलं की शेगावात गाडी मी नव्हते चालवत. दोन-चार दिवस गावाबाहेरच्या सडकेवर घासाघीस करून मी तिला सपाटीवर चालायला लावलं. वाटलं, झालं.

बाया आणायच्या होत्या नाल्यापलीकडच्या वाडीवरून. आमच्या बाजूने रस्ता हळूच उतरतो, नाल्यावर बुटका फरशीचा पूल आहे, आणि पूल संपला की वाडीकडे सरळ उभा चढ. वाडीतल्या बायांची म्होरकी कौसाबाई. कोणाचं वावर आधी वेचायचं, कोणाचं मागे ठेवायचं, हे ती ठरवायची. अंगाने काडी, पण आवाज असा की वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावरचा माणूस तंबाखू थुंकून उभा राहायचा. सकाळी रिकामी गाडी मी जोरात पळवत चढ चढले. बाया बसल्या, उताराला गाडी आपोआप आली. दिवसभर त्यांनी वेचलं. संध्याकाळी त्यांना परत सोडायला निघाले. मागे दाटीवाटीने बाया, त्यांच्या मांडीवर शेळ्यांसाठी कापलेलं गवत. चढाच्या मधोमध समोर चाऱ्याची बैलगाडी थांबली. मी ब्रेक दाबला. जीप उभी राहिली. बैलगाडी पुढे निघाली, मी ब्रेक सोडला, आणि जीप पुढे जायच्या ऐवजी मागे निघाली.

माझ्या हातात काहीच राहिलं नव्हतं. मागच्या बाया "माय व, माय व" ओरडत होत्या आणि मी शेगावचे सर आपल्या पायाने काहीतरी करतील म्हणून शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत होते. हे मी कोणाला सांगितलं नाही कधी, पण बघितलं होतं. जीप तशीच घरंगळत पुलावर आली, पुलाचा काठ सोडून मागची चाकं नाल्यात बसली आणि थांबली. पाणी गुडघाभर. कोणाला लागलं नाही. गवत वाहून गेलं आणि कौसाबाईची तंबाखूची चंची भिजली.

ती पाण्यातून लुगडं सावरत माझ्याजवळ आली. "सुमनबाई, लायसन हाये म्हने तुले?"

"हाये."

"कोनं देलं?"

"सरकारनं."

"मंग उद्या सरकारलेच घेऊन ये वेचाले." आणि बायांकडे वळून, "चाला व. चालत गेलं त पाय दुखते, हिच्या गाडीत गेलं त तेरवीच होते."

रात्री मी म्हटलं, पुन्हा शिकते, आणि घरी वाद. म्हणजे बाबाराव बोलत होते आणि मी भाकरी थापत होते. "लायसन भेटलं म्हनजे शिकनं झालं. आता पुन्हा काय शिकतं? लगन झाल्यावर कोनी पुन्हा सप्तपदी चालते काय?"

"चालली असती त बरं झालं असतं," मी म्हटलं. "पहिल्या खेपेले ध्यान नव्हतं माझं."

सासूबाई ढिगाला टेकून होत्या. त्या म्हणाल्या, "पाठीले भोपळा बांधून पान्यात सारेच पवते. भोपळा सोडला का समजते."

अलीकडे माझ्या नातीला अकोल्यात लायसन मिळालं. तिचा बाप, पुण्याहून अकोल्याला आलेला माझा पोरगा, फोनवर विचारत होता, आता आणखी क्लास लावू का नको, मोबाइलवर सगळं बघायला मिळते म्हणतात. मी म्हटलं, मोबाइलवर बघून कोणी भाकर तरी थापली का आजवर. आणि क्लास कोणता लावायचा तेही बघ. पुन्हा मैदानात आठ काढायचे असतील तर पैसे देवाच्या पेटीत टाक. भरली गाडी, चढ, पाऊस, समोर बैलगाडी, याचा क्लास असेल तर लाव. त्याला ते पटलं का नाही माहीत नाही. तो फोनवर हो हो म्हणतो, बापासारखा.

जीप नाल्यात गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी बैल लावून ती वर ओढली आणि मी वाडीवर चालत गेले. कौसाबाई दारात बसून पोरीच्या डोक्यातल्या उवा काढत होती. मी म्हटलं, आभाळ बघ, माझा कापूस झाडावर आहे, काय करू सांग.

"इथं दुसऱ्याचं वावर धरलं आमी. हा बाजार सोडून पुढल्या बाजारापावतर तिथं हावो. त्या बाजाराच्या दिवशी वरवटचा एक मोठा शेतकरी टेम्पो पाठवून राह्यला."

"त्याच्या आंधी माझं धर ना."

"धरतो ना. पन तुह्या गाडीत बसाचं काय? आमाले बसवून शिकतं का तू?" तिने उवा मारल्याचा टचकन आवाज केला. "तुह्या घरचं मानूस पहिले मांगं बसव. त्या चढावर मधात थांबव, अन् मंग वर आन. मालकाले बसव. तो बसला का आमी बसलो."

"सासूले बसवू काय?"

"सासूचं काय, ते तं कोनीबी बसवीन," कौसाबाई म्हणाली. "मालक पाह्यजे."

मी आधी शिकायचं ठरवलं, नवऱ्याचं मग. आमच्या शेजारी गफूरभाई राहायचे. उमेदीत त्यांनी कापसाचे ट्रक जिनिंगला नेले होते, आता सायकली दुरुस्त करायचे आणि ट्रकच्या गोष्टी सांगायचे. त्या गोष्टींत दरवेळी ट्रक मोठा होत जायचा. ते म्हणाले, "भाभी, दोन घंट्यांचं काम." नाल्यातली ओली वाळू आम्ही पोत्यांत भरली, पोती मागच्या बाकड्यांवर बायांसारखी बसवली आणि चढाला निघालो. गफूरभाईंच्या पायाखाली काही नव्हतं, त्यामुळे त्यांची सगळी ताकद तोंडात आली होती. चढाच्या मधोमध गाडी थांबवली की ते डोळे मिटून "या अल्ला" म्हणायचे आणि जीप मागे सरली की डोळे उघडून मला, जीपला आणि जीप विकणाऱ्याला शिव्या द्यायचे. मग लगेच, "तुमाले नाही हां भाभी, गाडीले."

पण एक गोष्ट त्या माणसाने नीट दिली. म्हणाले, ब्रेक सोडायची घाई करू नका. क्लच हळूच वर येऊ द्या. "आवाज बसते पाहा तिचा. बैलाच्या मानेवर जू पडलं का तो कसा अंग आवळते? तशी ती आवळते. नाक जरा उचलते. तवा सोडा ब्रेक. त्याच्या आंधी सोडाल त ती तुमची नाही." मी कान लावून बसायचे. आवाज बसायचा, मी घाबरून पाय काढून घ्यायचे, गाडी बंद. पुन्हा. पोती वाळूची होती म्हणून बोलत नव्हती एवढंच. दोन घंट्यांचं काम तीन-चार दिवस चाललं. वाडीतली पोरं चढाच्या वर ओळीने बसून तमाशा बघायची आणि जीप मागे आली की टाळ्या वाजवायची. मग एका दुपारी आवाज बसला, नाक उचललं, मी ब्रेक सोडला आणि जीप होती तिथंच उभी राहिली, ना पुढं ना मागं. नुसती थरथरत. गफूरभाईंनी एक डोळा उघडला. "गेलो काय आपुन?" म्हणाले.

त्याच गफूरभाईंनी मला उताराला गाडी न्यूट्रल करून सोडायला शिकवलं, डिझेल वाचते म्हणून. एकदा तशी सोडली आणि ब्रेक दाबता दाबता पायाला गोळे आले. ती सवय मला पुढे मोडावी लागली. शिकवणारा भेटला म्हणून त्याचं सगळंच घ्यायचं नसतं. आपण बाजारातून वांगी आणतो तेव्हाही किडकी बाजूला काढतोच.

आता राहिले बाबाराव. ते म्हणाले, "मी बसतो ना. मले काय भेव हाये?" पहिल्या दिवशी त्यांना मोटारपंप बघायचा होता. दुसऱ्या दिवशी पोट दुखत होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, वाळूचीच पोती दाखव ना तिला, वजन तेवढंच हाये. तोवर बाजार दोन दिवसांवर आला आणि उगवतीकडून गार वारा सुटला. मी त्यांना म्हटलं, "हे पाहा, कापूस तुमचा, गाडी तुमची, बायको तुमची. यातलं कोनतं मातीत गेलेलं चालते ते सांगा." ते सासूबाईंकडे बघायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "जाय बाबू. मेला तरी कापूस घरी येते."

ते बसले. चढाच्या वर कौसाबाई कंबरेवर हात ठेवून उभी, तिच्या मागे बाया. मी चढाला लागले आणि अर्ध्यावर आले तोच ती ओरडली, "थांब! मधातच थांब!" थांबले. आवाज बसू दिला, नाक उचलू दिलं, ब्रेक सोडला आणि गाडी सरळ वर नेऊन तिच्यापुढे उभी केली. बायांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली उतरले, मला वाटलं आता ती म्हणेल, बसा व.

ती माझ्याकडे बघतच नव्हती. गाडीच्या मागे बघत होती. बाबारावांचा एक पाय बाकड्यावर होता आणि दुसरा बाहेर लोंबत होता, त्या पायातली चप्पल चढावर कुठंतरी पडली होती.

"मालक उडी माराले तयार बसले होते," कौसाबाई म्हणाली. "ज्यानं हिच्यासंग जलम काढला त्याचाच भरोसा नाही, अन् आमी बसू काय?"

"मी पाय लांब करून बसलो होतो," बाबाराव म्हणाले.

"चप्पल काऊन काढली मंग?"

बाया अशा हसल्या की बाबाराव चप्पल आणायला म्हणून जे उतरले ते चालतच घरी गेले.

मला राग आला होता, पण कौसाबाईचा नाही. ती खरं बोलत होती. एकदा गाडी वर आणून दाखवणं म्हणजे पुन्हा आठचा आकडाच झाला. मागे बसलेल्या माणसाचं अंग सैल पडेपर्यंत शिकणं झालेलं नसतं, हे मला त्या चपलेनं शिकवलं. घरी जाऊन मी बाबारावांसाठी चूल पेटवली. जेवायला वाढलं, ताटात अंबाडीची भाजी, भाकरीवर तेल. ते दचकूनच जेवले. दुपारी म्हटलं, चला. ते चप्पल नीट घालून बसले. त्यांना घेऊन मी त्या चढावर गेले, आले, गेले, आले. मधात थांबवली, भरपूर थांबवली, बैलगाडीमागे थांबवली. सुरुवातीला ते प्रत्येक वेळी "ये, ये, ये" करायचे. मग नुसतं "हूं" करायला लागले. मग त्यांनी बिडी पेटवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. तेव्हा ते मला वाटेत दिसणाऱ्या प्रत्येकाच्या वावराबद्दल सांगत होते, याचा कापूस लाल पडला, त्याने फवारणी उशिरा केली. पाय दोन्ही आत.

बाजाराच्या दिवशी भल्या सकाळी आभाळ उगवतीला काळं होतं. मी त्यांना म्हटलं, आज शेवटचं. त्यांनी कानाला मफलर गुंडाळला आणि मागे जाऊन बसले. नाला ओलांडला, चढाला लागले. मधोमध एक म्हैस आडवी उभी होती. थांबवली. म्हैस जागची हलेना, तिच्या मागच्या पोराने तिला दगड मारेपर्यंत मी तशीच थांबले. मग आवाज बसला, आणि वर गेले. कौसाबाई डोक्याला फडकं बांधून, शिदोरी काखेत मारून उभीच होती. पलीकडे सडकेवर वरवटचा टेम्पो येऊन थांबलेला दिसत होता. ती गाडीच्या मागे गेली आणि वाकून आत बघितलं. मी पुढे बसूनच होते.

"सुमनबाई," तिने हळू हाक मारली. तिचा आवाज इतका हळू मी पहिल्यांदाच ऐकला. "इकडं ये जरा."

मी उतरून मागे गेले. बाबाराव बाकड्यावर आडवे झाले होते. गुडघे पोटाशी, तोंड उघडं, मफलर नाकावर. घोरत होते.

कौसाबाईने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, चढाकडे बघितलं. मग तिने सडकेवरच्या टेम्पोवाल्याला तिच्या नेहमीच्या आवाजात हाक मारली, "ओ भाऊ! तू जाय! आमाले दुसरं वावर भेटलं!" आणि बायांना म्हणाली, "बसा व. मालकाले जरा सरकवा तिकडं."

बाया भराभरा चढल्या. त्यांच्या शिदोऱ्या, कापसाच्या झोळ्या, एकीचं पोर, सगळं आत आलं. एकीने बाबारावांचे पाय उचलून आपल्या मांडीवरच्या गाठोड्यावर ठेवले. मी गाडी वळवली, उतारावर गिअरमध्येच ठेवली आणि नाल्यावर आले तेव्हा त्यांना जाग आली. आजूबाजूला एवढ्या बाया बघून ते धडपडून उठून बसले आणि दांडा घट्ट धरला.

"चढ आला काय?" त्यांनी विचारलं.

"चढ कवाचाच गेला," कौसाबाई म्हणाली. "झोपा तुमी."